भाद्रपदातली बाळं

दरवर्षी ३१ मेला महाराष्ट्रातल्या शाळा, तहसील कचेऱ्या, जिल्हा परिषदा, पोलीस ठाणी, सगळीकडे निरोपसमारंभांची रीघ लागते. शाल, श्रीफळ, भाषणं, फोटो. या सगळ्यांची कागदावरची जन्मतारीख १ जून असते. ज्यांच्या जन्माची कुठेच नोंद नव्हती अशा असंख्य मुलांना शाळेत दाखल करून घेताना गुरुजींनी ही तारीख देऊन टाकली. शाळा जूनमध्ये भरायची, वयाचा हिशेब जुळायचा. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी कर्मचारी नियमाप्रमाणे आदल्या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होतो, म्हणून ३१ मे.

माझी आई त्यांच्यातलीच. कागदोपत्री १ जून १९६७. आजी मात्र सांगायची, "कोयनेचा भूकंप झाला ना, त्याच्या आधीच्या पोळ्याला बैलं मिरवून आली आणि तिसऱ्या दिवशी ही झाली." भूकंप ११ डिसेंबर १९६७चा. त्या वर्षीची श्रावण अमावास्या ४ सप्टेंबरला होती. म्हणजे आई सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातली. आजीला तारीख येत नव्हती, पण तिचा हिशेब गुरुजींच्या हिशेबापेक्षा तीन महिन्यांनी खरा होता. थोरला मामा नागपंचमीच्या आसपासचा, मावशी घटस्थापनेच्या दिवशीची, धाकटा मामा गणपती गेल्यावरचा. तिघांच्याही दाखल्यावर १ जून. श्रावण, भाद्रपद, आश्विन या तीन महिन्यांत आमचं सगळं आजोळ जन्माला आलं होतं, आणि कागदावर त्याचा मागमूस नाही.

हा योगायोग असेल असं मला बरीच वर्षं वाटायचं. मग पुतणीच्या जात पडताळणीसाठी वडिलांच्या गावच्या, अमरावतीकडच्या, कोतवाल बुकाच्या नकला काढायची वेळ आली. वऱ्हाडात इंग्रजांच्या काळापासून गावातले जन्म-मृत्यू कोतवालाच्या मार्फत नोंदले जायचे. लांबट पानं, कडा कुरतडलेल्या, शाई तपकिरी झालेली. तारीख, बापाचं नाव, जात आणि पुढे 'मुलगा झाला' किंवा 'मुलगी झाली'. बाळाचं नाव नाही, कारण नोंद बारशाच्या आधीची. आईचंही नाव नाही. ज्या बाईनं नऊ महिने ते ओझं वागवलं तिला त्या रकान्यांत जागाच नव्हती. आम्हाला हवी होती ती पणजोबांची नोंद सापडली, पण मी पानं उलटतच राहिले. उन्हाळ्याचे महिने भराभर संपत होते आणि ऑगस्टपासून पुढे पानं भरगच्च होत होती. एका गावाच्या एका वहीवरून सिद्ध काहीच होत नाही, हे मला कळतं. तरी त्या दिवसापासून हा विषय माझ्या मागे लागला तो लागलाच.

वाचत गेले तसं लक्षात आलं की आजोळचा तो योगायोग सगळ्या देशाचा आहे. भारतात वर्षाला अडीच कोटींच्या आसपास जन्म होतात आणि ते बारा महिन्यांत सारखे विखुरलेले नसतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा भरतीचा काळ, वर्षाचे पहिले चार-पाच महिने ओहोटीचे. नऊ महिने मागे मोजलं की दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचा काळ येतो. जगातल्या जवळजवळ प्रत्येक समाजात अशी काहीतरी लय सापडते. फ्रान्समध्ये लुई-रने विलेर्मे या डॉक्टरनं १८३१ मध्येच महिन्यावार गर्भधारणेचा हिशेब मांडला होता. माणसाला जनावरांसारखा विणीचा ठरावीक हंगाम नसतो, बाराही महिने दिवस राहू शकतात, आणि तरीही आपल्या जन्मांना ऋतू आहे.

यावर लोकांकडे उत्तरं तयार असतात. पहिलं उत्तर लग्नसराईचं. चातुर्मासात लग्नं नाहीत, तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त निघतात, पौष टाळायचा, मग माघ-फाल्गुन आणि वैशाख-ज्येष्ठात धूमधडाका. या हिशेबानं पहिलं मूल कधी होईल याचा अंदाज फार तर बांधता येईल. पण दुसऱ्या-तिसऱ्या मुलाचा लग्नाच्या तिथीशी काय संबंध? आजीची सगळीच बाळंतपणं पावसाळ्यातली, तिचं लग्न मात्र एकदाच लागलं होतं. शिवाय मोठी लग्नसराई वैशाखात, आणि दिवस राहण्याचा जोर मार्गशीर्ष-पौषात. लग्नसराईचं उत्तर इथे कमी पडतं.

दुसरं उत्तर अंधाराचं. वीज गेली, करमणूक नाही, नऊ महिन्यांनी पाळणे हलले, असं आपल्याकडेही लोडशेडिंगच्या दिवसांत सर्रास बोललं जायचं. ९ नोव्हेंबर १९६५ला न्यूयॉर्कमध्ये रात्रभर वीज गेली होती आणि नऊ महिन्यांनी तिथल्या वर्तमानपत्रांत बातमी आली की प्रसूतिगृहं भरून गेली आहेत. पुढे १९७० मध्ये रिचर्ड उड्री या समाजशास्त्रज्ञानं जन्मांचे आकडे काढून आधीच्या वर्षांशी ताडून पाहिले. वाढ नव्हतीच. तरी ती गोष्ट आजही सांगितली जाते, कारण ती सांगायला बरी वाटते. मूल होण्यामागे एखादी गमतीची रात्र असावी असं आपल्याला वाटतं. खरी कारणं कष्टाची आहेत, आणि ती बहुतेक बाईच्या अंगावरून जाणारी आहेत.

आधी उन्हाचं घ्या. उष्णतेचा आणि गर्भधारणेचा संबंध आता चांगलाच पक्का झाला आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या, कडक उन्हाळ्याच्या राज्यांत वसंतात जन्म कमी होतात, म्हणजे त्याआधीच्या उन्हाळ्यात दिवस कमी राहिलेले असतात. बरेका, देशेन आणि गुल्डी या अर्थतज्ज्ञांनी १९३१ ते २०१० या ऐंशी वर्षांचे सगळ्या अमेरिकेचे आकडे तपासले. दिवसाचं सरासरी तापमान सुमारे २७ अंशांच्या वर गेलेला प्रत्येक जादा दिवस आठ ते दहा महिन्यांनंतरचा जन्मदर ०.४ टक्क्यांनी खाली आणतो, असं त्यांना आढळलं. त्यातली थोडी घट नंतरच्या महिन्यांत भरून निघते, सगळी नाही. २७ अंश सरासरी! आमच्याकडे विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये ज्याला आपण बरा दिवस म्हणू तोसुद्धा याच्या वर असतो. उन्हाचा परिणाम दोघांवर होतो, पण पुरुषांच्या बाजूचा पुरावा जास्त ठोस आहे. उन्हाळ्यात शुक्राणूंची संख्या घटते, हे टेक्सासमध्ये उघड्यावर काम करणाऱ्या पुरुषांच्या तपासणीत १९९० मध्येच दिसलं होतं. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे मे महिन्याच्या उन्हाची झळ पुढच्या पावसातही पोचते. मूल होत नाही म्हणून ज्या सुनेला घरोघरी बोल लावला गेला, तिच्या घरचे पुरुष त्याच उन्हात दिवसभर राबत होते, हे कुणी कधी लक्षात घेतलं नाही.

थंड मुलखात गोष्ट वेगळी. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९५ ते २०१४ या काळात सर्वांत जास्त वाढदिवस २६ सप्टेंबरला पडतात, असं तिथल्या सरकारी आकड्यांत दिसलं. नऊ महिने मागे गेलं की नाताळ. सर्वांत कमी वाढदिवस असतात २६ डिसेंबरला, कारण सुट्टीच्या दिवशी ठरवून केलेली बाळंतपणं होत नाहीत. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका गटानं शंभराहून अधिक देशांतले इंटरनेटवरचे शोध तपासले. नाताळ पाळणाऱ्या देशांत नाताळच्या आसपास आणि मुस्लिम देशांत ईदच्या आसपास लैंगिक विषयांचे शोध वाढतात, असं त्यांना दिसलं. नाताळ दक्षिण गोलार्धात भर उन्हाळ्यात येतो, ईद दरवर्षी ऋतूंमधून सरकत जाते, तरीही वाढ सणालाच. सणाचा, सुट्टीचा, घरी माणसं असण्याचा स्वतःचा असा जोर असतो. आपल्याकडे सिझेरियन वाढल्यापासून मुहूर्तही त्यात शिरला आहे. २२ जानेवारी २०२४ला अयोध्येतल्या प्राणप्रतिष्ठेच्या दिवशीच बाळ जन्माला यावं म्हणून उत्तर प्रदेशात डॉक्टरांकडे आर्जवं झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या. पण मुहूर्तानं बाळंतपण दोन-चार दिवस हलतं, ऋतू हलत नाही.

कोकणातल्या माणसाला हे मी काय नवीन सांगणार! माझ्या सासूबाईंच्या लहानपणी वाडीतले निम्मे पुरुष मुंबईला गिरणीत होते. येणार ते शिमग्याला, मे महिन्यात नाहीतर गणपतीला. कुणाच्या घरी पाळणा कधी हलणार हे बायका बोटांवर मोजून सांगायच्या. मेक्सिकोतल्या मिचोआकान प्रांतातल्या एका गावाचा असाच अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथले पुरुष हंगामी मजुरीला अमेरिकेत जायचे आणि थंडीत परतायचे. त्यांच्या येण्या-जाण्याचा ठसा गावातल्या जन्मांवर उमटलेला होता.

सर्वांत खोलवर जाणारं कारण मात्र पोटाचं. मध्य आफ्रिकेत कांगोच्या इतुरी जंगलात लेसे नावाचा शेतकरी समाज राहतो. सुगीच्या आधी त्यांच्याकडे धान्य संपत येतं, बायकांचं वजन उतरतं. पीटर एलिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बायकांची तपासणी केली, तेव्हा त्या दिवसांत त्यांच्या अंडाशयांचं कामच मंदावलेलं दिसलं. नऊ महिन्यांनी तिथे जन्म कमी. त्याच जंगलात राहणारे एफे लोक शिकार-कंदमुळांवर जगतात, त्यांच्या बायकांचं वजन तितकं उतरत नाही, आणि त्यांच्या जन्मांना तसा हंगामही नाही. हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. शरीर स्वतःच हिशेब करतं. घरातलं धान्य संपत आलं, काम वाढलं, की ते आणखी एका जिवाचा भार घ्यायला तयार होत नाही. कणगी भरली, थंडी पडली, अंगावर थोडं मांस चढलं, की पुन्हा तयार होतं. बांगलादेशातल्या मतलब भागात १९६० च्या दशकापासून घरोघरच्या जन्मांची काटेकोर नोंद ठेवली जाते. तिथेही वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मांची गर्दी दिसते.

दुष्काळात हेच भयंकर रूप घेतं. १८७६ ते १८७८च्या दुष्काळानं मुंबई आणि मद्रास इलाखा उजाड केला. दक्षिण आशियातल्या अशा दुष्काळांच्या नोंदी लोकसंख्याशास्त्रज्ञ टिम डायसन यांनी महिन्यावार मांडल्या. गर्भधारणा कमी व्हायला लागते ती मृत्यूंचा आकडा चढायच्याही आधी, असं त्यातून पुढे आलं. म्हणजे सरकारी कचेरीत दुष्काळ जाहीर होण्याआधी तो बायकांच्या शरीराला कळलेला असायचा. वऱ्हाडातल्या त्या कोतवाल बुकांत, जिथे आईचं नावही नाही, तिथे तिच्या उपासमारीची नोंद मात्र अशी आपसूक होत राहिली.

दिवाळीनंतर खरिपाचं धान्य घरात येतं, हवा गार होते, उन्हाळ्याचा परिणाम ओसरलेला असतो, माणसं घरात असतात. आपल्या भरतीची कारणं मला तरी या चौकटीत पुरेशी सापडतात. पण खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. मार्गशीर्षात दिवस राहिले की बाईचे शेवटचे तीन महिने आषाढ-श्रावणात येतात. आपल्या शेतकरी घरात आषाढ-श्रावण म्हणजे काय असतं?

पेरणी होऊन गेलेली असते. तण वाढलेलं असतं. निंदणी-खुरपणी हे बाईचं काम, आणि ते उभ्यानं होत नाही. उकिडवं बसायचं, पुढे सरकायचं, चिखलात पाय रुतत असताना पोट सांभाळायचं. गेल्या वर्षीचं धान्य तळाला गेलेलं, मूग-उडीद यायला अवकाश. प्यायचं पाणी गढूळ. हगवण, ताप, मलेरिया, सगळं याच दिवसांत. आणि रस्ता? मेळघाटात, गडचिरोलीत कितीतरी पाड्यांचा रस्ता पहिल्या मोठ्या पावसात नाल्याखाली जातो. ज्या काळात सर्वांत जास्त बाया अवघडलेल्या असतात, त्याच काळात दवाखाना सर्वांत लांब जातो. आदिवासी भागात बाळंतपणाच्या काही दिवस आधी बाईला आरोग्य केंद्राजवळ आणून ठेवण्यासाठी 'माहेरघर' योजना आहे. कल्पना फार चांगली आहे, आणि तिचं मोल कळतं ते पावसाळ्यातच. पण आषाढात बाई माहेरघरात जाऊन बसली तर रोपणी कोण करणार, घरच्या लहानग्यांना कोण बघणार, हा तिचा प्रश्न खोटा नसतो. तिची मजुरी बुडते ती भरून द्यायला हवी, तीही पावसाळ्याच्या दरानं.

पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास निघालं. इंग्लंडमधलं बाळ साडेतीन किलोचं. बाई किती खाते एवढंच नाही, तर काय खाते आणि किती राबते, हेही त्यात पाहिलं गेलं. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेतल्या शोभा राव आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळं ज्यांच्या खाण्यात वरचेवर होती त्यांची बाळं अंगानं भरलेली होती, आणि शेतातलं व पाणी वाहण्याचं जड काम जितकं जास्त तितकं बाळ लहान. पुढे त्यांनी ऋतूचाही हिशेब घातला. सुगीच्या दिवसांत खाणं वाढतं आणि कामही वाढतं, आणि या चढ-उताराची खूण बाळाच्या आकारावर राहते.

पालेभाज्यांचं हे वाचताना मला आजोळचं खुरपण आठवलं. बायका तण काढता काढता घोळ, तांदुळजा, कुर्डू, पाथरी असं खाण्यासारखं निवडून ओट्यात टाकायच्या. संध्याकाळी मजुरी हातात आणि भाजी ओट्यात. जे काम पाठ मोडायचं तेच लोह-जीवनसत्त्वंही फुकटात द्यायचं. आता तणनाशकाची फवारणी होते. खुरपणाचे कष्ट कमी झाले हे चांगलंच, कुणाही अवघडलेल्या बाईला पुन्हा चिखलात बसवा असं मी म्हणणार नाही. पण मजुरीही गेली आणि रानभाजीही गेली, आणि त्या दोन्हींच्या जागी तिच्या ताटात काय आलं हे कुणी विचारलं नाही. एलिझाबेथ ब्रेनर्ड आणि निधिया मेनन या दोन अर्थतज्ज्ञांनी २०१४ मध्ये भारतातल्या पाण्यातल्या शेतीरसायनांचा अभ्यास केला. दिवस राहण्याच्या महिन्यात पाण्यात ती जास्त असली तर बाळाच्या तब्येतीला त्याचा धोका दिसतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे शेवटचेच नव्हे, पहिला महिनाही शेताशी बांधलेला.

पावसाळ्यात जन्मलेल्या मुलांचं पुढे काय होतं? मायकेल लॉकशिन आणि सर्गेई राद्याकिन यांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तीन फेऱ्यांमधली मुलं पाहिली. पावसाळ्यातली मुलं उंची-वजनात थंडीच्या तोंडावर जन्मलेल्या मुलांपेक्षा मागे होती. गॅम्बियातल्या केनेबा गावचा निष्कर्ष तर अंगावर येतो. तिथे १९४९ पासूनच्या नोंदी आहेत. उपासमारीच्या मोसमात जन्मलेली माणसं ऐन तारुण्यात मरण्याचं प्रमाण सुगीत जन्मलेल्यांच्या कित्येक पटींनी जास्त होतं. लहानपणी दोघांत फारसा फरक नव्हता, तो पुढे उघडा पडला. पण तोच अभ्यास बांगलादेशातल्या मतलबमध्ये केला तेव्हा तसं काही दिसलं नाही. हा दुसरा निष्कर्ष मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. जन्ममहिना म्हणजे कपाळावरची रेघ नाही. आपल्याकडे मूळ नक्षत्रावर जन्मलं म्हणून बाळाची शांत करतात, आईला ऐकवतात. महिन्याचा परिणाम होतो तो त्या महिन्यात आईच्या ताटात, विहिरीत आणि डोक्यावरच्या ओझ्यात काय असतं त्यामुळे, आणि या तिन्ही गोष्टी माणसाच्या हातातल्या आहेत.

हे सगळं डोक्यात असताना गेल्या हिवाळ्यात मी आजोळी गेले होते. कराडच्या बाजूला, शेजारच्या फडावर बीडची टोळी उतरली होती. ऊसतोडीला माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी, जून-जुलैपासून घरात येते, दसरा-दिवाळीला गाव सोडायचं, परत यायचं ते उन्हाळ्यात. बांधाकडेला ताडपत्रीच्या कोप्या, मागे वाढ्यांचे भारे. एका कोपीपुढे झोळीत बाळ होतं. झोळी उसाच्या दोन कांड्यांत नाही, चांगल्या तिकाटण्याला बांधलेली, वर ओढणीची सावली, शेजारी चार-पाच वर्षांची बहीण राखणीला. आई फडात. तिची जाऊ भाकरी थापत होती, तिच्याशी बोलत बसले.

"कितवा लागला बाळाला?" मी विचारलं.

"तिसरा. भादव्यातलं हाय. गौरी उठल्या अन् झालं."

भाद्रपदात झालं, म्हणजे दिवस राहिले ते मागच्या हंगामात, अशाच एखाद्या कोपीत. सुगी, भरलेली कणगी, घरातला गारवा, हे माझं सगळं गणित तिच्या बाबतीत उलटं होतं. तिचे पहिले पाच-सहा महिने डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॅक्टरवर चढण्यात गेले, शेवटचे तीन गावाकडे खुरपणीत. आणि सव्वा महिना पुरता झाला न झाला तोच ओल्या बाळंतिणीनं गाव सोडलं, कारण उचल घेतलेली. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची सरकारी समितीनं २०१९ मध्ये चौकशी केली, तेव्हा महाराष्ट्र हादरला होता. ज्या बाईचा ऋतू, पाळी आणि बाळंतपण कोयत्याच्या हिशेबात 'खाडा' ठरतात, तिच्या बाबतीत हे अचानक घडलेलं नव्हतं.

मी जावेला विचारलं, तिची स्वतःची कधीची.

"एक शिमग्याचं, इथंच फडावर झालं. त्याचं लई हाल झालं. दुसरं जेठातलं. ताई, जेठात झालेलं बरं बगा."

का, ते तिनं भाकरी उलटत सांगितलं. ज्येष्ठात व्हायचं तर हंगाम संपतो तेव्हा सातवा-आठवा लागलेला असतो, शेवटचं गावात, आईजवळ काढता येतं. मूल दिवाळीपर्यंत पाच महिन्यांचं होतं, मान धरलेली असते, अंगात जरा दम असतो. आणि सुया होऊन गेलेल्या असतात. मी मनात ताडून पाहिलं. लसीकरणाचे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे. जूनमधल्या बाळाचे तिन्ही डोस सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत गावातच पुरे होतात. भाद्रपदातल्या बाळाचा पहिला डोस नेमका निघायच्या धांदलीत, बाकीचे दोन परक्या गावात. जगभरच्या अभ्यासांत मला न सापडलेला निष्कर्ष या बाईनं दोन बाळंतपणांवरून काढला होता, आणि तो अचूक होता.

"मग धाकटीला सांगितलं नाहीत का?"

"सांगून काय. तिच्या नवऱ्याला कोन सांगनार?"

आरोग्य खात्याला मात्र सांगता येण्यासारखं आहे. मार्गशीर्ष-पौषात कारखान्यांच्या तळांवर पाळणा लांबवण्याची साधनं आणि ती न लाजता समजावून सांगणारी नर्स हवी. आषाढ-श्रावणात गावात अवघडलेल्या बाईला बुडीत मजुरी आणि दूध-भाजी हवी. दसऱ्याला टोळी निघताना बाळांची यादी तिच्याबरोबर पुढच्या केंद्राला गेली पाहिजे. वर्षातले हे तीन काळ दरवर्षी त्याच वेळी येतात, त्यात अंदाज बांधण्यासारखं काही उरलेलंच नाही. तरी आपल्या योजना बाराही महिने एकाच मापानं चालतात.

जावेनं कोपीत जाऊन प्लॅस्टिकच्या पिशवीतलं बाळाचं कार्ड आणून दाखवलं. जन्मतारीख नीट लिहिलेली होती, सप्टेंबरातली, खरीखुरी, आणि आईच्या नावाच्या रकान्यात आईचं नाव. पहिल्या डोसापुढे बीडकडच्या उपकेंद्राची तारीख होती. दुसरा डोस राहिला होता, त्याची वेळ टळून गेली होती. कुठे जायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि फड सोडून अर्धा दिवस जाणं म्हणजे खाडा. आमच्या गावची आशाताई मामीच्या ओळखीची. तिला फोन लावला तर म्हणाली, "आणायचं कशाला, बुधवारी सिस्टर येतात, त्यांना घेऊन मीच फडावर येते. अजून किती बाळं आहेत तिथे, तेवढं विचारून ठेवा." जावेनं कोप्यांकडे बघत नावं घ्यायला सुरुवात केली आणि मी ती वहीत उतरवून घेतली, आईचं नाव आधी.